१४ सप्टेंबर म्हणजे ३० जून

नवीन कॅलेंडर घरात आलं की बाकीचे लोक सुट्ट्या बघतात, मी आधी भाद्रपदाचं पान उघडते. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होती, म्हणजे सरळ १८ दिवस जास्त, आणि जानेवारीपासून जो भेटेल तो मला हेच सांगतोय की यंदा अधिक महिना आलाय, तुला भरपूर वेळ आहे, मजा आहे बाई तुझी.

मी गणपती करते. चिपळूणला आमची गणपतीची शाळा आहे, आधी आजोबांची, मग बाबांची, आणि आता मी बघते. कोकणाबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे गणपती जिथे बनतात त्या जागेला शाळाच म्हणतात, कारखाना वगैरे म्हणत नाही कोणी. फक्त शाडू, पीओपी नाही. यंदा ११० मूर्ती आहेत. मातीकामाला आणि रंगाला दोघं जण मदतीला असतात, डोळ्यांची आखणी मात्र मी एकटीच करते.

तर "भरपूर वेळ आहे" हे ऐकलं की मला खरंच धडकी भरते. कारण या कामात कॅलेंडरवरचे दिवस सगळे सारखे नसतातच. मे महिन्यात एक फुटाची मूर्ती सावलीत ठेवली तर सहा-सात दिवसांत खडखडीत होते, तीच मूर्ती जुलैत वीस दिवस फळीवर बसून असते आणि तरी पोटाला हात लावला तर गार लागते. मेमधला एक दिवस म्हणजे जुलैमधले तीन दिवस, असा माझा साधा हिशोब आहे. त्यामुळे १८ दिवस जास्त मिळाले म्हणजे नेमके कुठले मिळाले ते बघायला लागतं. यंदाचे जास्तीचे दिवस सप्टेंबरात आलेत, तेव्हा पाऊस जरा उघडीप देतो, रंगाला आणि आखणीला ते बरं आहे, पण मातीच्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. माती होईल तेवढी पावसाआधीच उरकायची असते, मग चतुर्थी ऑगस्टात येवो नाहीतर सप्टेंबरात.

शाडू सुकतो कसा हे एकदा नीट सांगते, कारण माझं सगळं प्लॅनिंग त्याच्यावरच उभं आहे. माती बाहेरून आधी सुकते, आतली ओल हळूहळू बाहेर येते, आणि सुकताना माती आकसते. बाहेरचा थर आकसला आणि आतला अजून फुगलेलाच असला की चीर पडते. ती पण कुठेही पडत नाही, जिथे जाड आणि पातळ भाग एकमेकांना भेटतात तिथे पडते, कानाच्या मुळाशी, सोंडेच्या वळणावर, हात खांद्याला जोडलेला असतो त्या सांध्यात. म्हणून मूर्ती उन्हात नेऊन ठेवली, हॅलोजन लावला, फॅनचा झोत सोडला म्हणून काम लवकर होत नाही, उलट चिरा बुजवण्यात चार दिवस जास्त जातात. बसण्याखाली कागद घालायचा म्हणजे आकसताना मूर्ती फळीवरून सरकते, चिकटून फाटत नाही. मूर्ती सुकली की नाही ते बाबा गालाला लावून बघायचे. ओली माती गालाला गार लागते, सुकलेली लागत नाही, रंगाने पण कळतं, काळपट करडी असते ती पांढुरकी होते. मी गालाला लावतेच पण वजन पण करते, किराणा दुकानात असतो तसा साधा काटा आणलाय. पावणेसहा किलोची ओली मूर्ती साडेचारच्या आसपास येते, आणि लागोपाठ तीन दिवस काटा हलला नाही की ती सुकली असं मी वहीत लिहिते, त्याच्या आधी नाही. मला कितीही घाई असली तरी नाही.

तर माझा हिशोब उलटा सुरू होतो, चतुर्थीपासून मागे मागे. आणि मागे जाताना पहिला प्रश्न "किती मूर्ती बनवता येतील" हा नसतो, "किती मूर्तींचे डोळे करता येतील" हा असतो. हे मला कळायला फार वर्षं लागली. माती मळायला माणूस मिळतो, साच्यात भरायला मिळतो, बॉडी कलर स्प्रे गनने एका दिवसात पंधरा मूर्तींना मारून होतो, पण आखणी माझा हातच करणार आणि तो हात सकाळी साडेसहा ते अकरापर्यंतच चांगला चालतो. २०२२ पासून मी रोज लिहून ठेवलंय, दिवसाला सात मूर्ती. कधी आठ झाल्या तर आठवी मी दुसऱ्या दिवशी बघते आणि ती पुसून परत करावीशी वाटते. म्हणजे सातच.

एका डोळ्याला किती वेळ लागतो विचाराल तर खरं तर फार नाही लागत. आधी पांढरा भरलेला असतो, तो पूर्ण सुकलेला पाहिजे. मग वरच्या पापणीची रेघ, आतल्या कोपऱ्यातून सुरू करून बाहेर, श्वास रोखून, एकदाच. मधे ब्रश उचलला तर तो जोड आयुष्यभर दिसतो. मग खालची, ती वरच्यापेक्षा बारीक. मग बुबुळ, आणि इथे सगळं असतं, कारण दोन्ही बुबुळं अशी बसायला पाहिजेत की पाटासमोर बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे माझ्याकडे बघतोय. मी त्यासाठी मूर्ती टेबलावर ठेवत नाही, खाली पाटावर ठेवते आणि स्वतः मांडी घालून समोर बसते, घरातली माणसं आरतीआधी बसतात तशी. एक डोळा झाला की दुसरा करायच्या आधी उठून दोन पावलं मागे जाऊन बघते. शेवटी पांढरा ठिपका, सुईच्या टोकाएवढा, आणि तो दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला यायला पाहिजे, उजेड एकाच बाजूने येतो ना. हे सगळं नैसर्गिक उजेडातच करायचं, ट्यूबलाइटखाली पांढरा निळसर दिसतो आणि काळा चमकतो, फसायला होतं.

आता आकडे मांडा. ११० मूर्ती, दिवसाला सात, म्हणजे सोळा दिवस. पण श्रावणातल्या तीन सकाळींपैकी एक तरी अशी असते की बाहेर काळोख, धो धो पाऊस, उजेडच नाही. मग सोळाचे चोवीस धरायचे. मला सगळं काम चतुर्थीच्या आठ दिवस आधी संपलेलं पाहिजे, म्हणजे ६ सप्टेंबर. तिथून चोवीस दिवस मागे, १३ ऑगस्ट, आखणी सुरू. त्याच्या आधी पॉलिश पेपर, पांढरा हात, बॉडी कलर, पितांबर, शेला, दागिने, सोनेरी, मिळून साधारण साडेतीन आठवडे, म्हणजे २० जुलैला सगळ्या मूर्ती सुकून तयार. आणि जुलैत सुकायला तीन आठवडे लागतात. म्हणजे ३० जूनला शेवटची मूर्ती हातावेगळी झाली पाहिजे. त्याच्यानंतर एकही नवी मूर्ती करायला घ्यायची नाही. दोन फुटाच्या मोठ्या तर एप्रिल संपायच्या आत, त्यांच्या पोटातली ओल निघायला महिना जातो.

म्हणून माझी चतुर्थी १४ सप्टेंबरला नसतेच, ती ३० जूनला असते. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. घरात सगळ्यांना पाठ आहे.

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं नाही. बाबांच्या डोक्यात हे सगळं होतं पण त्यांनी कधी लिहिलं नाही, त्यांना पंचांग आणि आभाळ बघून कळायचं. मी शाळा हातात घेतली तेव्हा मला वाटायचं मेहनत केली की होतं, रात्री जागलं की होतं. २०२१ मध्ये मी ७४ मूर्ती घेतल्या होत्या.

२२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. चिपळूणच्या माणसाला ही तारीख सांगायला लागत नाही. शाळा तेव्हा बाजाराजवळच्या भाड्याच्या गाळ्यात होती, आम्ही राहायला वर उंचावर, त्यामुळे आम्ही सुखरूप होतो पण खाली जाताच येत नव्हतं, लाइट नाही, फोन लागत नाही, पाणी किती चढलंय काही कळत नव्हतं. वाशिष्ठी नदीचं पाणी उतरल्यावर गाळ्याकडे गेलो तर शटर चिखलाने जाम झालेलं, तिघांनी मिळून वाकवून उघडलं. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर होती. न भाजलेली माती आहे ही, फुटत नाही, विरघळते. मूर्ती पडलेल्या नव्हत्याच, जिथल्या तिथे बसल्या बसल्या खाली आल्या होत्या, फळीवर एकेका जागी एकेक ढीग, आणि काही ढिगांत सोंडेचं एखादं वळण तेवढं ओळखू येत होतं. छताखालच्या माळ्यावर नऊ मूर्ती होत्या तेवढ्या राहिल्या.

आणि पाट. आमच्याकडे रीत आहे, लोक आपल्या घरचा पाट शाळेत आणून देतात, त्या पाटावरच त्यांचा गणपती बसतो आणि घरी जातो. काही पाट दोन-दोन पिढ्यांचे असतात, फणसाचे, कडेला आजोबांच्या नावाची अक्षरं कोरलेली. लाकूड तरंगतं. मागच्या दारातून सगळे निघून गेले होते. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या गाळातून दोन सापडले.

२२ जुलै ते १० सप्टेंबर, म्हणजे त्या वर्षीची चतुर्थी, पन्नास दिवस. त्यातले पहिले दहा गाळ काढण्यात आणि सावरण्यात गेले. मग आत्याच्या घराच्या पडवीत नव्याने मांडामांड केली. ७४ मधून माळ्यावरच्या नऊ वजा, ६५ करायच्या उरल्या, दिवस चाळीस, महिना ऑगस्ट. आज मला ते गणित कोणी दिलं तर मी एका मिनिटात सांगेन की यातल्या जेमतेम तीस होतील. तेव्हा मी गणित मांडलंच नाही. लोकांचे फोन यायचे, स्वतःच्या घरात चिखल असताना विचारायचे, गो आमच्या बाप्पाचं काय झालं, आणि माझ्या तोंडून "नाही" निघायचंच नाही, मी म्हणायचे बघते, करते, होईल. त्या माणसांचं आधीच इतकं गेलं होतं की त्यात आणखी "तुमचा गणपती पण नाही" हे मी कसं सांगू असं मला वाटायचं. शेवटी ३९ केल्या, माळ्यावरच्या नऊ धरून ४८, आणि २६ घरांना मी नाही म्हटलं, पण ते म्हटलं कधी, तर कोणाला २० ऑगस्टला, कोणाला २८ ला, दोघांना तर सप्टेंबर उजाडल्यावर. तोपर्यंत आसपासच्या शाळांमधल्या मूर्ती बुक झाल्या होत्या, त्यांचंही पुरात गेलं होतंच की. पुराला माझा इलाज नव्हता, पण ते उशिराचे नकार माझे होते. हेच मी ३१ जुलैला सांगितलं असतं तर त्या २६ जणांनी रत्नागिरीहून, गुहागरहून, कुठून तरी वेळेत आणली असती मूर्ती.

आणि ज्या केल्या त्यातल्या कितीतरी मी ओल्या रंगवल्या. पोटात ओल ठेवून वर रंग मारला की ती ओल बाहेर यायला जागा शोधते आणि रंगाला फोड येतात, आधी बारीक बारीक, मग पापुद्रा सुटतो. हरतालिकेच्या रात्री अकरा वाजता एक काका मूर्ती न्यायला आले. दर वर्षी येतात, बाबांच्या वेळेपासून. त्यांच्या मूर्तीचे डोळे राहिले होते. लाइट नव्हती. काकांनी मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी डोळे केले, सोळा तास काम करून झालेल्या हाताने. त्यांचा हात स्थिर होता, माझा नव्हता. डावं बुबुळ जरासं बाहेर गेलं. गंध लावताना मला दिसलं, पुसायला वेळ नव्हता, आणि पुसलं असतं तर खालचा ओला रंग पण आला असता. काका काही बोलले नाहीत, नमस्कार केला, पावसाचं प्लास्टिक गुंडाळलं आणि गेले. दीड दिवसाचा गणपती त्यांच्याकडे. तो दीड दिवस त्या घरातली सगळी माणसं त्या डोळ्यांसमोर बसली असतील हे माझ्या मनातून आजपर्यंत गेलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच काका आले, नवा पाट घेऊन. म्हणाले, या वर्षी तू मला तारीख सांग, कधी येऊ. मी हरतालिकेला नाय येणार, तू सांगशील तेव्हा येईन. आणि मला त्या क्षणी लक्षात आलं की मी आजपर्यंत कोणालाच तारीख दिली नव्हती, सगळ्यांची तारीख एकच होती, चतुर्थीच्या आदल्या दिवशीची, आणि सगळा डोंगर मीच एका रात्रीवर रचत होते.

तेव्हापासून प्रत्येक घराला न्यायची तारीख आणि वेळ पावतीवर लिहून देते. यंदा ७ ते १३ सप्टेंबर, रोज पंधरा-सोळा घरं. सुरुवातीला लोक कुरकुरले, इतक्या लवकर नेऊन मूर्ती ठेवू कुठे, घरात लहान पोरं आहेत, मांजर आहे. मग ज्यांची खरंच अडचण आहे त्यांना शेवटचे दोन दिवस, आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना आधीचे. हे फोनवर एकेकाशी बोलून ठरवायला लागतं, कंटाळवाणं काम आहे पण ते मार्चमध्ये करायचं काम आहे, तेव्हा डोकं शांत असतं.

वही माघी गणपती झाला की उघडते आणि ३१ मार्चला बंद. ११० आधीच भरल्या तर आधीच बंद. त्यानंतर येणाऱ्याला मी त्याच दिवशी नाही सांगते आणि सोबत दुसऱ्या दोन मूर्तिकारांचे नंबर देते. नाही म्हणायला मला अजूनही जड जातं, खोटं कशाला बोलू. पण मार्चमधलं नाही ऐकून माणूस दुसरीकडे जातो आणि ऑगस्टमधलं नाही ऐकून माणूस रडतो, हे मी ऐकलंय माझ्या कानांनी.

प्लॅनिंगसाठी मोबाइलवर अॅप वगैरे टाकून बघितलं, एक्सेल शीट पण भाच्याने करून दिली होती, पण हाताला कायम शाडू, फोनला हात लावायला आधी हात धुवा, पुसा, तोपर्यंत काय लिहायचं ते विसरायला होतं. मग भिंतीवर ब्राऊन पेपर चिकटवला, एकेका मूर्तीला एक ओळ, पाच रकाने, माती, सुकली, पांढरा, रंग, आखणी. मूर्तीच्या बसण्याखाली तोच नंबर टोकाने कोरलेला. जो कोणी काम करेल त्याने ओल्या बोटाने त्या चौकोनात ठसा उमटवायचा, झालं. लांबून बघितलं तरी कळतं कुठे काम तुंबलंय.

आणखी एक गोष्ट जी मला फार उपयोगी पडली ती म्हणजे कामांच्या दोन याद्या, लाइट असतानाची कामं आणि लाइट नसतानाची कामं. पावसात लाइट जाणार हे धरूनच चालायचं. कॉम्प्रेसर, स्प्रे, ते लाइट आहे तोवर, बाकी सगळं बाजूला ठेवून. लाइट गेली की पॉलिश पेपर, चिरा बुजवणं, दागिन्यांचं ब्रशचं काम. पूर्वी लाइट गेली की आम्ही लाइट यायची वाट बघत चहा करायचो आणि तिथे दोन-दोन तास जायचे. संध्याकाळी डोळे दमलेले असतात तेव्हा सोनेरी रंग भरायचा, तो थोडा इकडेतिकडे झाला तर सावरता येतो. आखणी कधीच संध्याकाळी नाही, हा नियम २०२१ नंतर एकदाही मोडलेला नाही.

गेलं वर्ष, २०२५, याची खरी परीक्षा होती. चतुर्थी २७ ऑगस्ट, म्हणजे आधीच लवकर, त्यात मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ मेला तर मान्सून मुंबईपर्यंत पोचला पण, जो एरवी जूनच्या दहा-अकरा तारखेला येतो. म्हणजे दोन्ही टोकांनी दिवस कापले गेले. त्याच वर्षी जानेवारीच्या शेवटी मुंबई हायकोर्टाने पीओपीवरची बंदी काटेकोर पाळा असं सांगितल्यावर शाडूच्या मूर्तींसाठी माझ्याकडे इतके फोन आले की मी मनात आणलं असतं तर दोनशे ऑर्डर घेतल्या असत्या. पैसे दिसतात हो समोर. घरात पण म्हणाले घे, माणसं वाढवू. पण माणसं वाढवून डोळे वाढत नाहीत, माझा हात एकच आहे आणि तो दिवसाला सातच करतो. १०० वर थांबले. मग ९ जूनला कोर्टाने पीओपीच्या मूर्ती बनवायला परवानगी दिली, विसर्जनाचे नियम वेगळे ठेवून, आणि पुष्कळ लोक परत तिकडे वळले. मी २०० चा शाडू भरून ठेवला असता तर काय झालं असतं याचा विचार करून अजून पोटात गोळा येतो.

मोठ्या मूर्ती एप्रिलमध्ये झालेल्या होत्या म्हणून वाचलो. २० मेच्या सुमारास पाऊस लागला तेव्हा ६८ मूर्ती सुकून माळ्यावर होत्या (माळा आता नव्या जागेत दहा फुटांवर आहे, आणि जागा उंचावर, भाडं थोडं जास्त पडतं पण त्यात मी कधी कसर करणार नाही). ३२ उरल्या होत्या त्या सुकवायला मात्र जीव काढला. खोली बंद करून डिह्युमिडिफायर लावला, तो रोज बादलीभर पाणी काढायचा, पण तो हळूहळू काढतो, झोत मारत नाही, त्यामुळे चिरा कमी. शेवटची मूर्ती १८ ऑगस्टला संपली, ठरवलेलं १९ होतं. त्या रात्री मी नऊ वाजता झोपले, भाद्रपदाच्या तोंडावर नऊ वाजता झोपल्याचं मला लहानपणापासून आठवत नाही, आमच्या घरात ते दिवस म्हणजे सगळे जागेच असायचे.

पैशांचं पण प्लॅनिंग यातच येतं, कारण शाडू जानेवारीत घ्यायचा असतो, तो गुजरातहून येतो, पावसाळ्यात गोणी ओल्या येतात आणि भाव पण चढतो. आणि जानेवारीत हातात पैसे नसतात, गणपतीचे पैसे दिवाळीपर्यंत संपलेले असतात. म्हणून विसर्जन झालं की मी आधी शाडूचे पैसे वेगळ्या खात्यात टाकते, मग बाकीचं. बुकिंगला निम्मे अॅडव्हान्स. ऑक्टोबर ते डिसेंबर भिंतीवरची चित्रं, नेमप्लेट, मुलं शिकतात त्या शाळांची कामं, मुलांचे क्लास. मे ते सप्टेंबर दुसरं कुठलंच काम घेत नाही, एका ओळखीच्यांनी गेल्या जूनमध्ये हॉटेलच्या भिंतीचं मोठं काम देऊ केलं होतं, मी ऑक्टोबरची तारीख दिली, ते थांबले. मला वाटलं होतं थांबणार नाहीत. आपण ठाम तारीख सांगितली की पुष्कळ लोक थांबतात असा माझा अनुभव आहे, आपणच आधी घाबरून हो म्हणतो.

पेणला बाबांनी मला लहानपणी नेलं होतं, हमरापूरला पण. तिथे आम्ही गेलो ते दिवाळीनंतर लगेच, आणि तिथे पुढच्या वर्षाच्या मूर्ती सुरू झालेल्या, रांगाच्या रांगा. मी बाबांना विचारलं होतं, आत्ताच तर विसर्जन झालं ना. बाबा म्हणाले, परदेशी जाणारे गणपती बोटीने जातात, ते काही महिने आधी निघायला लागतात. तेव्हा मला फक्त बोटीतून जाणारा गणपती डोळ्यासमोर आला होता. आता कळतं की ती माणसं पण मागूनच मोजत होती.

आज मे संपत आलाय. कागदावर ८६ ओळींत मातीचा ठसा आहे, त्यातल्या ७१ सुकल्यात. २४ मूर्ती करायच्या उरल्यात, दिवसाला एक धरली तरी ३० जूनच्या आत होतात आणि मधे आठ-नऊ दिवस मोकळे राहतात, ते मी कशाला वापरणार नाही, ते आजारपणाचे, पाहुण्यांचे, पावसाचे आहेत. दुपारपासून दक्षिणेकडून आभाळ भरून आलंय. अंगणातल्या सहा मूर्ती आत घ्यायच्या आहेत, त्यामुळे उठते आता.

काकांचा पाट फेब्रुवारीतच आलाय. भिंतीवर १ नंबरच्या ओळीत त्यांचं घर आहे, मूर्ती सुकून माळ्यावर आहे, आणि पावतीवर लिहून दिलंय, ७ सप्टेंबर, सकाळी दहा वाजता, उजेडात.